मुकी गल्ली

५ जानेवारी, रविवार

भैरवीनं पुण्याहून ही वही पाठवली आहे. फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान लिहा तरी. मी बोलत नाही हे माझ्या लेकीला कुणी सांगितलं देव जाणे. चौदा माणसांचा बँड हाकणाऱ्याला बोलण्यावाचून दुसरा उद्योग असतो का? पण कागद जाड आहे, आणि आज लिहिण्यासारखं काही घडलंही आहे.

आज ठरवलं, बँडचा अल्बम करायचा. आणि तो लाइव्ह करायचा.

हे खूळ आजचं नाही. मला सॅक्सोफोन शिकवणारे डिमेलो सर मुंबईच्या हॉटेलांत वाजवून थकल्यावर कोल्हापुरात येऊन राहिले होते. जाताना त्यांनी मला एक तबकडी दिली. अमेरिकेतला कुणी मोठा बँडवाला, त्याची सोळा माणसं, समोर गच्च भरलेला हॉल, आणि जे वाजलं ते तसंच्या तसं उतरवलेलं. कुणी खोकतो, कुठे पेला पडतो, मधेच बँडवाला आपल्या माणसाला नावानं हाक मारतो. दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी सगळा बँड क्षणभर थांबतो आणि त्या जागेत एक बाई हसते. चाळीस वर्षं मी ते हसू ऐकतोय. आमची ही म्हणायची, ती वाजवणाऱ्यांपैकीच कुणाची तरी बायको असणार, परकी बाई असं हसायची नाही. मी म्हणायचो, तुला काय कळतं जॅझमधलं.

ही कोजागरीनंतर चार दिवसांनी गेली. झोपेतच गेली, त्रास काही झाला नाही. तेराव्यानंतर मी कामाला लागलो. बसून राहणाऱ्यातला मी नाही, ते भैरवीलाही ठाऊक आहे.

१२ जानेवारी, रविवार

तालमीला गुंडूच्या गुळाच्या गोदामात जावं लागतं, ते मला पटत नाही. गांधीलमाश्या घोंगावतात आणि बोटं चिकट होतात. तीस वर्षं तालीम आमच्या घरी, शुक्रवार पेठेत, पुढच्या सोप्यात व्हायची. दिवाळीपासून गुंडूनं ती तिकडे हलवली. म्हणतो, मास्तर, तुमच्या गल्लीत गाड्या लावाय जागा न्हाई. तीस वर्षं जागा होती, ती आताच कुठे गेली?

गुंडू माझा पहिला ट्रम्पेटवाला. मी कचेरीत कारकुनी करत असताना हा यार्डात गूळ तोलायचा, आणि संध्याकाळी आम्ही दोघं वाजवायचो. त्याचा ट्रम्पेट आणि त्याचं तोंड, दोन्ही मोठी. पण माझ्यामागून बँड सांभाळावा तर त्यानंच. अल्बमचं ऐकून बाकीचे खूश झाले, हा म्हणाला, "करू या की. पर रेकॉर्डिंग कुठं करायचं ते मी ठरवनार." आता बँडचा मास्तर कोण आहे?

तालीम सुटल्यावर सगळे पाच मिनिटांत पांगले. पूर्वी घरी तासभर रेंगाळायचे. हिचा चहा व्हायचा आणि मग दारात चपला शोधत एकेक जण "येतो वैनी" म्हणायचा. गोदामात कुणाला येतो म्हणणार?

हिच्या चहाचं एक कोडं मला कधी सुटलं नाही. आम्ही वरात आटोपून, कधी उशिरानं, कधी लवकर, वाजवत परत यायचो. दारात पाऊल ठेवावं तर चहा उकळून गाळायला आलेला असायचा. तुला कसं कळतं म्हणून विचारलं की नुसती हसायची.

१९ जानेवारी, रविवार

शिवाजी पेठेत वरात होती. डॉल्बीवाल्यांनी धंदा खाल्ला असला तरी काही घरं अजून बँडच लावतात. सिनेमाची गाणी वाजवली आणि नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत जो वेळ मिळाला त्यात माझी एक जॅझची चीज घुसवली. वऱ्हाडातल्या एकानं विचारलं, पावणं, हे कुठल्या पिक्चरचं? मी म्हणालो, अजून यायचाय.

वाटेत एका घरात मयत झालेली होती. कोपऱ्यावर मी मूठ वर केली आणि बँड मुका झाला. हा आमचा जुना रिवाज. मयताच्या घरासमोरून वाजवत जायचं नाही. दिवस सरले तरी नाही, घरचा कर्ता माणूस दारात येऊन "वाजवा" म्हणेपर्यंत नाही. वाजवणं थांबलं तरी मोजणं थांबत नाही. पावलं तालात पडतात, सूर मनात चालू राहतात आणि पुढे गेल्यावर ज्या जागी गाणं पोचलेलं असतं तिथूनच सगळे एकदम उचलतात. नवख्या बँडाला हे जमत नाही. आज त्या घरचे आजोबा काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, वाजवा रे पोरांनो, लगीन हाय. गुंडूनं वाकून नमस्कार केला आणि लगेच सुरू केलं. नवऱ्यामुलापेक्षा त्या आजोबांकडेच मी जास्त वेळ पाहत होतो, का कोण जाणे.

परत येताना वाटेवरच आमची गल्ली होती. तीतून वाजवत गेलो असतो तर पाच मिनिटं वाचली असती. गुंडूनं सगळ्यांना गंगावेशीकडून वळवलं. हल्ली हे नेहमीचंच झालंय. त्याला रस्ते आठवत नाहीत की काय? वय झालं त्याचं.

२ फेब्रुवारी, रविवार

फजिती झाली.

हॉल घेतला होता. ध्वनिमुद्रणाला अवंतिका आली होती. पुण्यात शिकून परत कोल्हापुरात आलेली मुलगी, कामात पक्की आणि बोलायला फटकळ. तिनं खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या, प्रत्येकासमोर माइक ठेवला. समोर ऐकायला चाळीसेक लोक बोलावले होते. चित्र अगदी त्या तबकडीच्या कव्हरसारखं दिसत होतं. मी हात खाली आणला आणि जे वाजलं ते ऐकून मलाच घाम फुटला. ताल ढेपाळला. मोठा ढोल बापूसो गडहिंग्लजहून एसटीनं आणतो, पावसात सुद्धा त्याचा ठोका चुकत नाही. तो आज मागे पडला. कुणी पुढे पळालं, कुणी मागे राहिलं. तीनदा केलं, तीनदा तेच. लोक मोबाइल पाहायला लागले.

अवंतिका कानावरचा हेडफोन काढून म्हणाली, "काका, सूर बरोबर आहेत. पण हे बसलेलं वाटतंय." मी तिच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं.

घरी आलो तर दाराशी शेजारच्या धोंडुबाईंचा डबा होता. ह्या बाईंना कोण सांगतं मला डबा लागतो म्हणून? खाल्ला. भाकरी गार झाली होती.

३ फेब्रुवारी

"बसलेलं वाटतंय" हे शब्द डोक्यातून जात नव्हते. सकाळी अंगणात सॅक्सोफोन घेऊन उभा राहिलो आणि वाजवत फेऱ्या मारायला लागलो, तेव्हा कळलं. अरे, आम्ही जन्मात कधी बसून वाजवलेलं नाही. सोप्यात तालीम व्हायची तीही उभ्यानं, जागच्या जागी पाय टाकत. आमचा ताल पायात आहे आणि मी सगळ्यांना खुर्चीत कोंबलं. अमेरिकेतला बँड बसून वाजवतो म्हणून आम्हीही बसायचं, हे माझंच शहाणपण. एकटाच हसलो. सांगायला म्हणून आत वळलो आणि उंबऱ्यातच थांबलो.

मग अवंतिकाला फोन केला. माफीही मागितली. रस्त्यावर चालत रेकॉर्डिंग करायचं म्हटल्यावर ती म्हणाली, अंगावर लावायचे माइक आणते.

९ फेब्रुवारी, रविवार

पोलिसांची परवानगी मिळाली. मिरवणूक कशाची, असं साहेबांनी विचारलं. म्हणालो, बँडची. नवरदेव कोण? नाही. देव कुठला? नाही. मग पुढे काय असणार? म्हणालो, पुढे मी असणार. त्यांनी वर पाहिलं आणि सही केली. रविवारी सकाळी, रहदारी व्हायच्या आत उरकायचं आहे.

रस्ता मी ठरवला. रंकाळ्यापासून निघायचं, गंगावेस, आणि तिथून शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीत. शेवटची चीज गल्लीत शिरताना सुरू होईल आणि आमच्या दारासमोर ऐन रंगात येईल. ज्या सोप्यात बसवली त्या सोप्यासमोर ती वाजली पाहिजे.

गुंडू म्हणाला, रंकाळ्यावरच संपवू. पाणी हाय, वारा हाय, चांगलं वाटतंय. मी म्हणालो, वाऱ्यानं माइक खराब होतात. तर म्हणतो, मग गंगावेशीत संपवू. शेवटी माझाही तोल गेला. विचारलं, माझ्या घराचं तुला एवढं वावडं का? त्यानं ट्रम्पेट पुसायला घेतला आणि पुसतच राहिला.

"मास्तर, गल्ली नगं. एवढं ऐका माजं."

का ते विचारलं तर सांगेना. बापूसो खाली बघत होता, बाकीचेही. म्हणजे सगळ्यांचं आधीच ठरलेलं आहे. माझ्या पाठीमागे बँड गुंडूचा झालाय आणि मला पत्ता नाही. मी सांगून टाकलं, अल्बम गल्लीत संपेल नाहीतर होणार नाही. ते म्हणाले, बरं.

जिंकलो, पण जिंकल्यासारखं वाटत नाही.

२२ फेब्रुवारी

लाल कोटाला इस्त्री केली. उजव्या बाहीवर डाग पडला. आधी ओलं फडकं ठेवायचं असतं हे मला माहीत होतं, तरी ठेवलं नाही. खांद्यावरचा गोंडा सुटला होता, तो सुईनं टाचला. सुईत दोरा ओवायला अर्धी संध्याकाळ गेली. उद्या सगळं नीट होऊ दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपार झाली आहे. राग अजून उतरलेला नाही.

सकाळ अशी होती की असं आयुष्यात एकदाच वाजतं. रंकाळ्यावर फिरायला आलेले लोक आमच्यामागून चालायला लागले. दूधवाले थांबले. गंगावेशीत एका टपरीवाल्यानं किटलीवर ताल धरला, तोही उतरला असणार. गुंडू असा वाजवत होता की मला त्याच्यावरचा राग विसरायला झालं. बापूसोचा ढोल पाठीत बसत होता. मला वाटलं, डिमेलो सर, ऐकताय ना?

गल्लीच्या तोंडाशी शेवटची चीज सुरू केली. मी सगळ्यांच्या पुढे, नेहमीसारखा. आठ-दहा पावलं गेलो, माझा एकट्याचा तुकडा आला, डोळे मिटून वाजवला, आणि आता सगळा बँड माझ्यावर येऊन कोसळणार म्हणून श्वास घेतला. काहीच आलं नाही. मला वाटलं, माझेच कान गेले. तसाच पुढे वाजवत राहिलो, वेड्यासारखा, एकटा. मग वळून पाहिलं. चौदाच्या चौदा जण वाद्यं छातीशी धरून चालत होते, एकही तोंडाला लावलेलं नाही. मूठ मी वर केली नव्हती. खूण मी दिलेलीच नव्हती. मास्तरानं खूण न देता बँड थांबला, असं तीस वर्षांत घडलेलं नाही.

मी तसाच चालत राहिलो, थांबलो असतो तर शोभा झाली असती. घर मागे पडलं. गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीपाशी सगळ्यांनी एकदम उचललं, अगदी जिथे असायला हवं होतं तिथून. माझ्याशिवाय. मी वाजवू शकलो नाही.

संपल्यावर गुंडू जवळ आला. मी त्याला म्हणालो, माझ्या अल्बमचं वाटोळं केलंस, आता बँड तूच चालव. सगळ्यांनी मान खाली घातली होती. कुणी घरापर्यंत आलं नाही.

२७ फेब्रुवारी

फोन बंद ठेवला आहे. डबे येतात. गुंडू कोपऱ्यावर दोनदा येऊन उभा राहिला, मी खिडकीतून पाहिलं. दाराशी आला नाही. आला असता तर उघडलं असतं.

२ मार्च, रविवार

आज कुणाशीही एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी आवाज फुटतो का पाहायला मोठ्यानं हाक मारली. भैरवीला मारायची होती, निघाली दुसरीच. घरात असं घुमलं की दिवे लावायलाही उठावंसं वाटलं नाही. भैरवीचं खरं आहे. मी कुणाशी बोलत नाही. ज्यांच्याशी दिवसभर बोलतो त्यांच्याशी बँडचंच बोलतो, आणि हिचं नाव ऑक्टोबरपासून कुणासमोर काढलेलं नाही.

६ मार्च

अवंतिका घरी आली. फोन लागत नाही म्हणून सरळ दार वाजवलं. तिच्याबरोबर रेकॉर्डिंग होतं. म्हणाली, काका, गल्लीतली दोन मिनिटं कापता येतात, जोड कळणार नाही. पण त्याआधी तुम्ही ऐका, कारण प्रत्येकाच्या कोटाला माइक होता आणि मला जे ऐकू आलं त्याचा अर्थ मला लागत नाही. तिनं आपला हेडफोन माझ्या कानाला लावला.

माझा सॅक्सोफोन एकटा वाजतोय. बारीक, रस्ता चुकलेल्या माणसासारखा. मग तोही थांबतो. मग नुसती पावलं. ढोलाच्या पट्ट्याची करकर. सगळी पावलं एका तालात, कुणी मोजणं सोडलेलं नाही. आणि मग, अगदी हळू, गुंडूचा आवाज.

"येतो वैनी."

त्याच्यामागून बापूसो. "येतो वैनी." मग पुढचा. दारासमोरून जाताना एकेक जण, चौदाही जण, तालीम सुटल्यावर म्हणायचे तसं. एकाचा आवाज नीट फुटलाच नाही. मी पुढे होतो, पाठ करून. मला ह्यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

अवंतिकाला अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. इतक्या महिन्यांनी आलं. ती पोरगी गोंधळली, आत जाऊन पाणी घेऊन आली. मग मी तिला सगळं सांगितलं. रिवाज सांगितला, हिचं सांगितलं, चहाचंही सांगितलं. आणि सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं. तालीम गोदामात का हलली. वराती गंगावेशीकडून का वळल्या. दिवाळीपासून ह्या दारासमोर माझा बँड वाजलेला नाही, कारण घरचा कर्ता दारात येऊन वाजवा म्हणालेला नाही. म्हणणार कसा? कर्ता बँडच्या पुढे चालत होता. घरात कोण होतं म्हणायला?

गुंडूनं मला हे तोंडानं सांगायला हवं होतं, असं मनात आलं. पण रिवाजच असा आहे की सांगायचं नसतं. त्या घराला आठवण करून द्यायची नसते, वाट पाहायची असते. हे मीच त्याला शिकवलं होतं.

कापू का, असं अवंतिकानं जाताना पुन्हा विचारलं. नको म्हणालो. एकही पाऊल कापायचं नाही. त्या तबकडीत बँड थांबतो तिथे कुणाची तरी बायको हसते. आमच्यात थांबतो तिथे माझी बायको आहे. ही बरोबर म्हणत होती.

रात्री भैरवीला फोन केला. बँडचं सोडून बोललो.

९ मार्च, रविवार

काल गुंडूला फोन करून एवढंच सांगितलं की उद्या सकाळी बँड गल्लीतून घेऊन ये, मी पुढे नसेन. त्यानं का ते विचारलं नाही. "व्हय मास्तर," म्हणाला आणि फोन ठेवला.

सकाळी आंघोळ करून उंबऱ्यात उभा राहिलो. लाल कोट घातला नाही. आपला बँड आपल्याकडे येताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मी कायम त्याच्या आतच होतो. आधी काहीच नव्हतं, मग उंबऱ्याच्या दगडातून तळपायाला काहीतरी जाणवलं. बापूसोचा ढोल. बँड दिसायच्या कितीतरी आधी, अजून गंगावेशीच्या वळणावर असताना, त्याचा ठोका ह्या उंबऱ्यात येतो. सूर नंतर येतात. ही रोज इथे पाय टेकवून बसायची.

कोपऱ्यावर आल्यावर ते वाजवायचे थांबले. पावलं टाकत आले आणि दारासमोर उभे राहिले. गुंडूनं माझ्याकडे पाहिलं, मी शेवटी तो शब्द पुटपुटलो.

"आवाज न्हाई आला, मास्तर," गुंडू म्हणाला. डोळे भरलेले, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "कर्त्यानं मोठ्यानं सांगाय लागतंय."

"वाजवा," मी म्हणालो. धोंडुबाई दारात आल्या, इतक्या मोठ्यानं म्हणालो.

त्यांनी शेवटची चीज वाजवली. माझ्या एकट्याचा तुकडा आला तेव्हा कुणी भरून काढला नाही, तेवढी जागा मोजून रिकामी ठेवली. मी उंबऱ्यावर बसून ऐकलं.

संपल्यावर सगळे दारात चपला काढायला लागले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ढोल पायाला लागला तेव्हाच उठायला हवं होतं. ही तेव्हाच उठायची. मी घाईनं आत जाऊन आधण ठेवलं. पंधरा कपांना साखर किती घालायची ते काही आठवेना. सोप्यात ते चौदा जण चहासाठी थांबून राहिले.